न धुतलेला एप्रन

मावशीच्या एप्रनचा वास आधी घरी पोचतो आणि मावशी मागून येते, असं तिचा नवरा म्हणायचा, आणि वारा समुद्राकडून असला की त्यात खोटं काही नसायचं. नवरा धक्क्यावर बोटींचे दोर बांधायचा. स्वतःची होडीसुद्धा नाही, पण सगळे त्याला कॅप्टन म्हणत. "एप्रन दाराबाहेर, नाहीतर मी दाराबाहेर," असं तो रोज बजावायचा. मावशी एप्रन बाहेरच्या खुंटीला टांगायची आणि म्हणायची, "तुम्ही गेलात तरी चालेल, तो धुवायचा नाही."

मावशी किनाऱ्यावरच्या केंद्रात आईवेगळ्या सीलच्या पिल्लांची स्वयंपाकीण होती. मासे वाटून लगदा करायचा, बाटलीने पाजायचा, मग हळूहळू अख्खा मासा गिळायला शिकवायचं. पण ही पिल्लं भलती हट्टी. त्यांना डोळ्यांपेक्षा नाकावर भरवसा. एका वर्षी मावशीने एप्रन स्वच्छ धुऊन घातला आणि सगळ्यांनी भिंतीकडे तोंडं फिरवली. तेव्हापासून केंद्राचा रिवाजच पडला, पिल्लं समुद्रात सोडेपर्यंत एप्रनला पाणी लावायचं नाही. डॉक्टरीणबाई येणाऱ्या पाहुण्यांना कौतुकाने सांगायच्या, "आमची औषधं एकीकडे आणि मावशींचा एप्रन एकीकडे." मावशी वरवर म्हणायची, "इश्श, काहीतरीच!" पण मनातून तिला वाटायचं, वास कसला, ही माझी माया ओळखतात.

त्या वर्षी समुद्रावरचे पांढरे कुरव पक्षी मरायला लागले. एखादा पक्षी पुळणीवर मरून पडतो, त्यात नवल नाही. पण हे वाळूवर गोल गोल फिरायचे, मान उलटी टाकायचे, उडायला जायचे आणि तोंडावर आपटायचे. भरती ओसरली की किनारा पांढराफटक दिसायचा. कॅप्टन थट्टेखोर माणूस, पण त्या दिवसांत तोही घरी येऊन गप्प बसायचा. एकदा एवढंच म्हणाला, "अगं, धक्क्यावर आज एक पक्षी ओरडला नाही. मला भीती वाटली."

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना जमवून सांगितलं, "हा बर्ड फ्लू आहे. पक्ष्याला कोणीही हात लावायचा नाही. बूट धुवायचे, हात धुवायचे, मगच आत यायचं." मावशीने बूट धुतले, हात तर सालटी निघेपर्यंत धुतले. कामात कुचराई तिला माहीतच नव्हती.

आणि एका सकाळी केंद्राच्या फाटकातच एक कुरव पडलेला दिसला. जिवंत होता. चोच उघडी, डोळे मिटत चाललेले. आता मावशीसारख्या बाईने त्याला ओलांडून जायचं म्हणजे काय? तिने त्याला कुंपणाच्या सावलीत नेऊन ठेवलं, चरचरलेलं मन जरा शांत केलं, आणि आत जाऊन हात धुतले.

मग पिल्लांना धाप लागली. नाकातून पाणी, अंगाला थरथर, आणि डोळे असे की समोर बाटली धरली तरी तिच्या पलीकडे पाहतायत. एक गेलं. मावशी त्याला पुसत होती तोवर दुसरं गेलं. अहो, आदल्या दिवशी ज्याने बाटलीसाठी तिचा गुडघा चावला होता, ते पिल्लू हौदाच्या काठावर मान टाकून पडलं होतं! रडायला सवडच मिळाली नाही. ती एकाकडून दुसऱ्याकडे धावत होती आणि तोंडाने नुसतं "अगं बाई, अगं बाई" म्हणत होती. आठवडा संपायच्या आत हौद रिकामा झाला.

पिल्लांपैकी वाचला एकटा उंडग्या. काचेने पंजा कापला म्हणून तो आधीपासून लांबच्या खोलीत होता, आणि डॉक्टरीणबाई त्याला नळीने अन्न देत होत्या.

"पक्ष्यांचं हे दुखणं आत आलं कसं?" डॉक्टरीणबाईंचा आवाज बसला होता. "पाणी तपासलं, मासे तपासले. मावशी, खरं सांगा, पक्ष्याला कोणी हात लावला होता?"

"छे हो! मी तर फाटकातला पक्षीसुद्धा हाताने उचलला नाही. एप्रनमध्ये धरून..."

डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मावशीने खाली पाहिलं. एप्रन अंगावरच होता. पोटाशी, जिथे प्रत्येक पिल्लू नाक खुपसायचं, तिथे एक बारीक पांढरं पीस चिकटलेलं होतं. तिने गाठ सोडायला हात मागे नेले, पण बोटं चालेनात. शेवटी डॉक्टरीणबाईंनी हातमोजे घालून गाठ कापली. "हात लावू नका म्हणाले," त्या पुटपुटल्या, "एप्रनचं बोललेच नाही मी. मीच मिरवत होते त्याला." एप्रन भट्टीत गेला.

मावशीला घरी बसवलं. तपासणी झाली, तिला काही झालेलं नव्हतं. तिला वाटलं, मलाच का नाही? कॅप्टन पहिल्यांदाच तिच्याजवळ नाक न मुरडता बसला, आणि त्यानेच तिला हुंदका फुटला.

मग बोलावणं आलं. उंडग्याची नळी काढली होती, पण तो तोंडाने खात नव्हता. असाच राहिला तर जगणार नव्हता. मावशी पांढरा पोशाख, तोंडावर पट्टी आणि उकळून काढलेला कोरा एप्रन घालून आत गेली. उंडग्याने तिला हुंगलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"अरे मी, मी!" ती म्हणाली. त्याला काय त्याचं? त्याच्या लेखी कोणी एक परकी बाई आली होती, साबणाचा वास येणारी. इतकी वर्षं आपल्याला ओळखतात असं वाटत होतं, आणि ओळख होती ती त्या फडक्याची.

खिडकीतून डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "एप्रनला थोडं माशाचं तेल चोळू या का? उद्या नाही धुतला तर..."

"नाही!" मावशी एवढ्या जोरात ओरडली की उंडग्याही दचकला. "रोज धुवायचा. रोज उकळायचा. नको ओळखू दे मला मेल्याला!"

ती फरशीवर फतकल मारून बसली. मासा पुढे केला. त्याने तोंड फिरवलं. तिने परत पुढे केला. उन्हाचा पट्टा भिंतीवरून सरकून दारापाशी गेला, मावशीचा हात भरून आला, पण तो खाली गेला नाही. "ओळखू नकोस बाबा," ती सारखी म्हणत होती, "नुसतं खा."

एकाएकी तो वळला आणि कोणा दुष्ट परक्याला चावावं तसा कडकडून चावला. बोटं वाचली, मासा गेला. डॉक्टरीणबाई खिडकीत रडायला लागल्या.

मावशीने दुसरा मासा पुढे केला. तोही त्याने गुरगुरत हिसकावला आणि लांब जाऊन खाल्ला, तिच्याकडे पाठ करून. सगळे मासे संपल्यावर ती उठली, पोटाशी घट्ट बांधलेला एप्रन सोडला, आणि पाणी उकळायला ठेवलं.