‘स्ट्रक्चरलाइज’ या क्रियापदाचा अर्थ

एका औपचारिक इंग्रजी क्रियापदाचा नेमका अर्थ काय आणि तो जिवंत माणसाला कसा लावायचा, या प्रश्नाचे उत्तर मला हवे होते. क्रियापद आहे ‘स्ट्रक्चरलाइज’. मी साताऱ्यातल्या एका शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवले, पण निवृत्त होईपर्यंत हा शब्द फळ्यावर लिहिण्याची वेळ माझ्यावर आली नव्हती. तो मला माझ्या धाकट्या भावाच्या दवाखान्याच्या कागदावर भेटला.

भाऊ सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाला आणि तासगावजवळच्या आमच्या गावी द्राक्षबाग करू लागला. दिवाळीनंतर त्याला अर्धांगाचा झटका आला. सांगलीच्या दवाखान्यातून घरी सोडले तेव्हा त्याचे पाय चालत होते, उजवा हात थोडा हलत होता, वाचाही हळूहळू परतत होती. गेले होते ते वेगळेच. तो स्वतःहून काही सुरू करीत नसे. ताट पुढे ठेवून ‘जेव’ म्हटले की जेवायचा. नुसते ताट ठेवले तर ताटाकडे पाहत बसायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की, पहिले काही महिने महत्त्वाचे; तेवढ्यात आपणहून हलण्याची सवय लागली तर लागली, नाहीतर आहे ते असेच राहू शकेल. घरी पाळायच्या सूचनांत चौथी ओळ इंग्रजीत होती: रुग्णाचा दिवस ‘स्ट्रक्चरलाइज’ करा.

वहिनीने त्या कागदाचा फोटो मला पाठवला आणि लगेच फोन केला.

“वन्सं, ह्ये चौथ्या नंबरला काय लिवलंय? बाकीचं मेडिकलवाल्यानं सांगितलं. ह्ये त्यालाबी येईना.”

“दिवसाला रचना द्या, असं लिहिलंय.”

“म्हंजी करायचं काय?”

“मी येते,” मी म्हणाले. मी एकटीच राहत असल्यामुळे कुलूप लावायला वेळ लागला नाही.

निघण्यापूर्वी मी शब्दकोश उघडला. अर्थ अगदी थोडक्यात दिला होता: एखाद्या गोष्टीला रचना देणे, तिची सुसंगत मांडणी करणे. हा शब्द बोलण्यापेक्षा लिहिण्यात, त्यातही अहवालात आणि संशोधनाच्या लेखनात अधिक येतो. अभ्यासक्रमाला रचना देतात, चर्चेला देतात, विखुरलेल्या टिपणांना देतात. मी हे सगळे वहीत नीट उतरवून घेतले आणि मला शब्द कळला, अशा समजुतीने एसटीत बसले.

गावी पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी मी पुठ्ठ्यावर वेळापत्रक आखले. साडेसहाला उठणे. सातला चहा. साडेसातला अंगणात फेऱ्या. आठला अंघोळ. दहाला अक्षरे गिरवणे. सव्वादहाला पाणी पिणे. अकराला वर्तमानपत्राचे मोठ्याने वाचन. असे झोपेपर्यंत. प्रत्येक तासाला वेगळा रंग दिला आणि माझ्या मोबाईलमध्ये प्रत्येक वेळेला शाळेच्या घंटेचा आवाज लावून ठेवला.

परिणाम पहिल्याच आठवड्यात दिसला. घंटा झाली की भाऊ उठे. सैन्यात इतकी वर्षे घालवलेला माणूस. हुकूम झाल्यावर हलणे त्याच्या हाडात होते. अक्षरे गिरवी, पाणी पिई, फेऱ्या मारी. शेजारची माणसे बघायला येत आणि म्हणत, “बाईंनी लय सुधारणा केली गड्यात.” मला ते आवडत असे, हे कबूल केले पाहिजे. वहिनी घंटा झाल्यावर त्याच्या तोंडाकडे पाही आणि पुन्हा आपल्या कामाला लागे.

फेब्रुवारीत एका सकाळी त्याच्या गोळ्या आणायला मी तासगावला गेले. वहिनी घरात आहे असे मी धरून चालले. ती धरून चालली की मी घरात आहे, आणि मजूर बायकांबरोबर बागेच्या पलीकडच्या टोकाला गेली. मोबाईल माझ्या पर्समध्ये होता. एसटीत सव्वादहाची घंटा वाजली तेव्हा सगळी गाडी माझ्याकडे वळली.

“आवं बाई, शाळा सुटली का भरली?” मागच्या बाकावरून कुणीतरी विचारले, आणि सगळे हसले. मीही हसले. अकराची घंटा औषधाच्या दुकानात वाजली. साडेबाराची परतीच्या गाडीत वाजली, तेव्हा प्रथम माझ्या लक्षात आले की, ही घंटा ऐकायला हवी होती तो माणूस इथे नाही.

घरी पोहोचायला दीड वाजला. भाऊ ओसरीसारख्या उघड्या सोप्यातल्या खुर्चीवर होता. सकाळी मी त्याला तिथे सावलीत बसवले होते. आता ऊन सरकून पूर्ण त्याच्या अंगावर आले होते. चेहरा तांबडालाल झाला होता, सदरा घामाने पाठीला चिकटला होता. पाण्याचा तांब्या डाव्या हाताशी, वीतभर अंतरावर, भरलेला. दोन पावले टाकली असती तर सावली होती.

“अरे, उठला का नाहीस? पाणी तरी प्यायचं!”

त्याला शब्द जुळवायला वेळ लागला. “घंटा,” तो म्हणाला. मग थांबून, “न्हाई झाली.”

वहिनी मागोमाग आली. तिने काही न विचारता पदर ओला करून त्याचे तोंड पुसले, तांब्या त्याच्या ओठाला लावला आणि त्याला आत नेले. मी तशीच सोप्यात उभी राहिले. माझे वेळापत्रक समोर खिळ्याला टांगलेले होते, आणि त्यात सगळे होते: तहान लागल्यावर काय करायचे, एवढे सोडून.

संध्याकाळी चुलीजवळ भाकरी थापताना वहिनी बोलली.

“वन्सं, राग मानू नका. तुमी बांबूलाच पाणी घालताय.”

“म्हणजे?”

“उद्या बागंत चला. दावते.”

झटका येण्यापूर्वी भावाने एकरभर नवी द्राक्षे लावली होती. प्रत्येक रोपाशेजारी एक बांबू रोवलेला, आणि वर माणसाच्या छातीच्या उंचीवर ओळीने ताणलेली तार. जानेवारीअखेर रोपे खाली छाटली होती. आता नवी फूट वर येत होती. कामाची रीत अशी. निघालेल्या फुटींपैकी एक निवडायची, बाकीच्या मोडायच्या. निवडलेली फूट बांबूला बांधत बांधत वर न्यायची. ती तारेजवळ पोहोचली की शेंडा खुडायचा आणि बगलेतून येणाऱ्या दोन फुटी तारेवरून डावीउजवीकडे वळवायच्या. या दोन हातांना ओलांडे म्हणतात. पुढची सगळी वर्षे घड धरतात ते या सांगाड्यावर.

वहिनीने माझ्या हातात सुतळी दिली. मी फूट बांबूला घट्ट बांधली आणि वर दुहेरी गाठ मारली.

“आवं, फास लावताय का काय!” तिने माझी गाठ सोडली. “खोड जाड व्हतंय की. सुतळी रुतली की मान मुरगाळली म्हनून समजा.” तिने सुतळीचा इंग्रजी आठासारखा वेढा घातला: एका घरात बांबू, दुसऱ्या घरात फूट, आणि फुटीच्या घरात बोट फिरेल एवढी जागा. “बांबू कशाला? पडू न्हाई म्हनून. वाढायचं काम तिचं तिनं करायचं. आन् खोड तयार झालं, की बांबूचं काम संपलं.”

भाऊ आमच्यामागे उभा होता. आम्ही आणून उभा केला तिथेच. वहिनीने पुढच्या रोपाजवळ जाऊन त्याला हाक मारली.

“आवं, ह्यातली कुठली फूट ठिवायची?”

रोपाला दोन फुटी होत्या. भाऊ पाहत राहिला. मी म्हणाले, “उजवीकडची, नाही का?”

“वन्सं, तुमाला इचारलं व्हय मी?”

वर्गात प्रश्न विचारल्यावर मी मनात तीन अंक मोजत असे आणि मग उत्तर स्वतःच सांगून टाकत असे. त्या सकाळी मी चाळीसच्या पुढे गेले आणि मोजणे सोडून दिले. शेजारच्या ओळीत मजूर बायका बोलत होत्या, लांब कुठेतरी ट्रॅक्टर फिरत होता. वहिनी शांतपणे उभी होती, जणू तिला दुसरे काही कामच नाही. अखेर भावाचा डावा हात उठला आणि डाव्या फुटीला लागला.

“ही.”

“शाबास! बरोबर!” मी म्हणाले.

“पेपर तपासायची खोड जाईना तुमची,” वहिनी म्हणाली.

वास्तविक उत्तर चूक होते. डावी फूट बारीक होती, पेरी लांबट होती. उजवी सरळ आणि दमदार होती. हे मला दिसले, तेव्हा तिला नक्कीच दिसले असणार. तिने क्षणभर दोन्ही फुटींकडे पाहिले, उजवी अंगठ्याने मोडून टाकली आणि डावी बांधायला घेतली.

घरी येताना मी हळूच विचारले, “चांगली फूट का मोडलीस?”

“एक येल गेली तर गेली. त्येनी निवडली न्हवं?”

मला माझ्या वर्गातले निबंध आठवले. विषय दिला की मी मुद्देही देत असे, परिच्छेदाचा क्रम देत असे, सुरुवातीचे आणि शेवटचे वाक्यही देत असे. मुलांना चांगले गुण मिळत. सगळ्या वह्या ओळीने लावल्या तर सगळ्यांत एकच निबंध असे, आणि तो माझा असे. मी त्याला रचना म्हणत होते.

आम्ही वेळापत्रक खिळ्यावरून उतरवले. सगळेच रद्द केले नाही. औषधाच्या, जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा डॉक्टरीणबाईंना विचारून पक्क्या ठेवल्या. बाकीचे तास मोकळे सोडले, पण रिकामे सोडले नाहीत. प्रत्येक तासाला घंटेऐवजी एक प्रश्न आला. अंगणात बसायचं की सोप्यात? चहा की ताक? आज कुठली ओळ? प्रश्न विचारून थांबायचे, आणि जे उत्तर येईल ते मानायचे. हे लिहायला सोपे आहे. एकदा त्याने भर दुपारी गरम चहा मागितला, आणि उकाड्यात तिघांनीही तो प्यायला. कित्येकदा उत्तर आलेच नाही, आणि मी ओठ दाबून स्वयंपाकघरात निघून गेले. मार्चच्या मध्यावर सलग चार दिवस तो एक शब्दही बोलला नाही. तेव्हा मी वहिनीला म्हणाले की, पुन्हा घंटा लावू या. निदान पाणी तरी वेळेवर पोटात जाईल.

“पानी मी पाजते,” ती म्हणाली. “तुमी जरा दम धरा.” तिचेही डोळे भरले होते, पण तिने घंटा लावू दिली नाही.

पाचव्या दिवशी बागेत ती एका फुटीला सुतळी घालत होती. भाऊ दोन रोपे मागे होता. तो आपण होऊन पुढे आला, तिच्या मनगटाला हात लावला आणि म्हणाला, “ती न्हाई. ही.”

त्याने दाखवलेली फूट दमदार होती. ‘शाबास’ मी ओठांवरच अडवले. वहिनी म्हणाली, “मग आधी सांगायचं न्हाई व्हय? हात दुखाय लागले माझे.” आणि बांधलेली सुतळी सोडून त्याच्या हातात दिली. एका हाताने त्याला गाठ जमेना. तिने फक्त सुतळीचे एक टोक धरून ठेवले.

एप्रिलमध्ये ओलांडे तारेवर वळले. एका सकाळी आम्ही चहा पीत असताना भाऊ खुर्चीतून उठला, चपला शोधल्या, एक सापडली, दुसरी खाटेखालून पायाने ओढून काढली आणि बागेच्या वाटेला लागला. मी उठू लागले तर वहिनीने माझा हात धरला. आम्ही दोघी कप तसेच हातात धरून बसलो. अर्ध्या तासाने तो परत आला. घामेजला होता. तांब्या उचलून पाणी प्याला, तोंड पुसले आणि माझ्याकडे पाहिले.

“आक्का, तू कवा जानार साताऱ्याला?”

“का रे?”

“घर बंद हाय तुजं.” शब्दांसाठी थांबून, “लय दिवस झालं. बेस्तरवारी जा.”

वहिनी हसू लागली. “बगा वन्सं, तुमचंच टायमटेबल आखलं त्येनी!” मला एकदम हसू आणि रडू आले, आणि मी आत जाऊन पिशवी भरू लागले. गुरुवारच्या सकाळच्या गाडीला तो मला सोडायला फाट्यापर्यंत आला. कुणी त्याला सांगितले नव्हते.

तर माझे उत्तर असे. ‘स्ट्रक्चरलाइज’ म्हणजे रचना देणे, हे शब्दकोशाचे म्हणणे खरे आहे. पण या क्रियापदाचे कर्म जिवंत असेल तेव्हा रचना देणे म्हणजे आपला आकार त्याच्यावर घालणे नव्हे. त्याचे त्याला वाढता येईल इतकाच, सैल वेढ्याचा आधार देणे, आणि निवड त्याच्याकडे ठेवणे. मी हा अर्थ एकाच घरात आणि एकाच माणसाच्या बाबतीत तपासलेला आहे. तेवढ्यावर नियम ठरत नाही. म्हणून वाचकांना विनंती आहे की, त्यांनी माझ्या शब्दावर विसंबू नये. शब्दकोश स्वतः उघडावा, आपल्या घरातल्या माणसाला एक साधा प्रश्न विचारावा, उत्तर येईपर्यंत थांबावे, आणि हा अर्थ बरोबर आहे की नाही ते स्वतः तपासून पाहावे.