काचेखालची शेणनाली

ईनिड ट्रान्टर म्हातारपणी शाकाहारी झाली, अशी बातमी हॉपस्टन गावभर झाली होती. दर रविवारी मुलाच्या घरी मेंढीची तंगडी भाजतात, वास माझ्या कुंपणापर्यंत येतो, आणि ही बाई बागेच्या टोकाला आपल्या दोन खोल्यांत एकटी उकडलेला बटाटा सोलत बसते. लोक दुसरं काय म्हणणार? साफ खोटं. परवाच माझ्या ताटातली सॉसेज तिने मला न विचारता संपवली.

बिनसलं होतं ते नालीवरून. मुलगा क्लाइव्ह आणि सून फिलिपा यांनी जुन्या गोठ्याचं घर केलं. उकिरड्याच्या जागी गुलाब लावले, बाग एवढी ऐसपैस की माळ्याला शोधायला दुसरा माळी लागावा. तुळया तशाच ठेवल्या, ते ठीक. पण गायींच्या शेपटीमागची दगडी शेणनालीसुद्धा ठेवली! जुन्याची खूण म्हणे. वर जाड काच, आत दिवे आणि काचेवर जेवणाचं टेबल. पाहुणे वाकून बघतात आणि "किती सुंदर!" म्हणतात. ईनिडने उभा जन्म त्याच नालीतून फावड्याने शेण ओढलं होतं.

बरं, नुसतं बघण्यापुरतं असतं तर चाललं असतं. थंडीत फिलिपा फरशी खालून गरम करते, की दगडात मुरलेलं मूत घाम फुटल्यासारखं वर येतं. मग ती सुगंधी मेणबत्ती लावते. लव्हेंडर आणि मूत! मी एकदा तिथं पुडिंग खाल्लं, ते अजून घशाशी येतं.

नातीचा बाप्तिस्मा ठरला तेव्हा क्लाइव्ह आईच्या दाराशी आला. मी कुंपण कापत होतो, म्हणजे ऐकत होतो.

"आई, त्या दिवशी तरी टेबलाशी बस. लोकांना काय सांगू?"

"सांग, म्हातारीला ओकारी येते."

"अगं, नाली स्वच्छ आहे आता."

"तुझा बापही असंच म्हणायचा. मग मीच परत धुवायची."

क्लाइव्ह हसला नाही. "माझ्या घरात तू अजून एक घास खाल्ला नाहीस, आई."

माझी कात्री थांबली.

"मेल्या, तू काप तुझं कुंपण!" ईनिड माझ्यावर खेकसली, आणि मुलाला म्हणाली, "किती वाजता?"

बाप्तिस्म्याच्या रविवारी ती आली. फुलाफुलांचा झगा, मोत्यांची माळ, टोपी आणि खाली हिरवे गमबूट. त्या घरात पादत्राणं दाराशी काढायचा नियम. पाद्रीबाबासुद्धा मोज्यांवर उभे होते, अंगठा बाहेर काढून.

"ईनिड, बूट तेवढे काढता ना?" फिलिपा गोड आवाजात म्हणाली. "आम्ही सगळ्यांनी काढलेत."

ईनिड काचेवरून थपथप चालत गेली, मुलाशेजारी बसली, मांसाचा तुकडा तोंडात घातला आणि औषध गिळावं तसा गिळला. क्लाइव्हने हसू दाबायला घाईघाईने तोंडाला रुमाल लावला. मग ती सुनेकडे वळली.

"जेवायला बोलावलंत, जेवतेय. पण या नालीवर मी नुसत्या मोज्यांनी कधी उभी राहिले नाही, आणि आजही राहणार नाही."