खाचरातले बेडूक आणि पगारेबाई

त्या रविवारी मी भाजी घेऊन घरी आलो, तर दाराशी पगारेबाईंची भाची संगीता उभी होती. "मावशी पहाटे गेली," एवढंच म्हणाली. बाईंची कावीळ बळावली होती हे मला ठाऊक होतं, आठवड्यापूर्वीच दवाखान्यात जाऊन आलो होतो. तरीही हातातली पिशवी खाली ठेवायचं सुचायला जरा वेळ लागला... याला आता महिना होऊन गेला. बाईंबरोबर काही वर्षं एका शाळेत काढलेला मीच बहुधा नाशकात उरलो आहे, म्हणून हे लिहितो.

शकुंतला पगारे नाशिकरोडच्या एका वसाहतीत वाढल्या. वडील छापखान्यात कामगार होते. सत्तरच्या दशकात पेठ तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत आमची गाठ पडली. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी त्यांच्याकडे आणि मध्ये कुडाची भिंत. त्यामुळे त्यांचे धडे मलाही ऐकावे लागायचे. पुस्तकात 'अन्नसाखळी' असा शब्द होता आणि शेजारी वाघ-हरणाचं चित्र. वाघ त्या मुलांनी पाहिलेला नव्हता. बाईंनी पुस्तक मिटलं, आपल्या डब्यातली नागलीची भाकरी काढली आणि पाच मुलं पुढे बोलावली. एक भात, दुसरा नाकतोडा, तिसरा बेडूक, चौथी धामण, पाचवा घार. भाकरी भाताच्या हाती दिली. प्रत्येकानं मागच्याकडून मागून घ्यायची, आपलं पोट भरायचं आणि उरेल ती पुढे द्यायची. घारीच्या हाती पोचेपर्यंत बोटभर तुकडा राहिला. "बाई, मी एवढी मोठी घार आन् मला एवढंच?" तो मुलगा रडकुंडीला आला. "म्हणून तर आभाळात घार एखादीच दिसते," बाई म्हणाल्या, "आणि नाकतोडे मोजता येत नाहीत." भिंतीपलीकडे मी पाढे घेत होतो. माझी मुलं पाढे सोडून तिकडेच कान लावून बसली होती.

दोनेक वर्षांनी पावसाळ्यात एक व्यापारी गावात जीप घेऊन यायला लागला. बेडकांच्या तंगड्या परदेशी लोक खातात, म्हणून तो जिवंत बेडूक विकत घेई. आषाढात घरातली नागली संपलेली असते, मजुरीही रोज मिळत नाही. अशा दिवसांत रोख पैसा आला, म्हणून अख्खं गाव रात्री कंदील घेऊन भातखाचरांत उतरू लागलं. मुलंही जात. सकाळी वर्गात पेंगत. बाईंनी कुणाला मारलं नाही की कारण विचारलं नाही. पुन्हा भाकरी काढली, तशीच पाच मुलं उभी केली, फक्त बेडकाला जागेवर बसायला सांगितलं. नाकतोड्याजवळ भाकरी आली ती तिथंच राहिली. धामण झालेली हिरा भोये इकडेतिकडे बघत म्हणाली, "बाई, मी कुणाकडं मागू?"

दुसऱ्या दिवशी हिराचा बाप शाळेत आला. काळू भोये शांत माणूस, पण त्या दिवशी त्याचा आवाज चढला होता. "बाई, पोरगी म्हनती बेडकं धरू नका. बेडकं इकली म्हणून घरात मीठ-मिरची आली. तुमच्या धड्यानं चूल पेटंल का?" मला वाटलं, बाई आता पिकांवरच्या किडीचं वगैरे समजावतील. त्या म्हणाल्या, "नाही पेटणार. तुमचं बरोबर आहे, भोये." तो गोंधळला. भांडायला आलेल्या माणसाला असं काही ऐकायची सवय नसते. मग बाईंनी हळूच विचारलं, "शाळेला लागून तुमचं खाचर आहे, तेवढं सोडाल का? मुलांना दाखवायला काहीतरी राहू दे." तो निघून गेला. पण त्या खाचरात कंदील गेले नाहीत.

त्या खाचराचं पीक इतरांहून जोमात आलं, असं लिहायला मला आवडलं असतं. तसा फरक काही डोळ्यांत भरला नाही. मात्र पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्या पाड्याची माणसं तिथं उतरली, तेव्हा भोयेनं स्वतः त्यांना हुसकून लावलं. मी कारण विचारलं, तर लाजल्यासारखा हसला. "पिकाचं नाय सांगत मी, गुरुजी. आजूबाजूला समदं गप झालंय. म्हातारीला त्या आवाजाबिगर झोप लागत नाय."

त्याच वर्षी कुणीतरी वर तक्रार केली, की बाई पुस्तक सोडून भलतंच शिकवतात. त्यांची बदली कळवणच्या बाजूला झाली. बाईंनी अर्ज-विनंत्या केल्या नाहीत. ट्रंक एसटीच्या टपावर चढवली आणि गेल्या. निरोपाला मुलं रडली असंही नाही. भातलावणी चालू होती, बरीचशी शेतातच होती.

पुढे आम्ही दोघंही बदल्या होत होत नाशकात आलो. बेडकांच्या निर्यातीवर सरकारनं बंदी घातल्याचं पेपरात वाचलं, तेव्हा मी उत्साहानं त्यांच्याकडे गेलो. पेढे नेले होते. त्यांनी बातमी नीट, शेवटपर्यंत वाचली. "चांगलं झालं," म्हणाल्या. मग पेपराची घडी घालत विचारलं, "आणि भोयेंच्या घरी आता आषाढात काय करत असतील हो?" पेढ्याचा पुडा दोघांच्या मध्ये तसाच राहिला... बाई आठवल्या, की मला बंदीच्या आनंदाआधी हा प्रश्न आठवतो.

गेल्या आठवड्यात संगीता त्यांचं घर आवरत होती, म्हणून मदतीला गेलो. घर आरशासारखं स्वच्छ, भांडी पालथी घातलेली, कुठे धुळीचा कण नाही. फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत वरच्या कोपऱ्यात कोळ्याचं भलंमोठं जाळं होतं आणि त्यात चिलटं अडकलेली. संगीतानं झाडू उंचावला, मग थांबली. "मावशी काढू द्यायची नाही. म्हणायची, तो त्याचं काम करतोय, आपण आपलं करू."

"मग?" मी विचारलं.

"पहिल्या तारखेला भाडेकरू येतायत. ते काढतीलच."

"तोवर राहू दे."

तिनं झाडू खाली घेतला आणि खिडकीखालची फरशी झाडायला लागली.