डॉक्टर निमगडे यांच्या अकरा जोड्या

डॉक्टर सुगंधा निमगडे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एक म्हैस पीत होत्या.

दूध नव्हे, म्हैस. लटारूभाऊंच्या गोठ्यात, दिवेलागणीच्या वेळी, चाळिशी ओलांडलेली एक जाडजूड बाई म्हशीच्या पोटाशी उकिडवी बसून तोंडातल्या नळीनं जोरजोरात ओढत होती. एकेका ओढीला म्हैस अर्धा शेर वाळत होती, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. कोसमटोल्याची वस्ती चारशे; पण त्या संध्याकाळी गोठ्याच्या दारात निदान नऊशे माणसं उभी होती.

"गुरुजी, विचारा नं त्याइले," लटारूभाऊ माझ्या कानाशी लागले. गावातला एकमेव शाळामास्तर म्हणून अवघड प्रश्न माझ्याकडे येत. "म्हशीचं दूध आटन का?"

बाईंनीच ऐकलं. नळी तोंडातून काढली, टोक कापसानं बुजवलं आणि कंदिलासमोर धरली. काचेत वीसेक डास धडपडत होते.

"दूध नाई आटत, भाऊ. पण मले एक सांगा, हे सारे म्हशीवर बसले, तुमच्यावर काऊन नाई?"

"आता डासालेबी आम्ही आवडत नाई म्हना की!"

गोठा हसला. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं.

ही १९८४ सालची गोष्ट. बाई आमच्याच तालुक्यातल्या. मूल गावातल्या राइस मिलमध्ये पोती वाहणाऱ्या बापाची लेक. छप्पन साली पंधरा वर्षांची असताना आईबापांबरोबर दीक्षेला नागपूरला गेली आणि पुढच्याच वर्षी ट्रंक घेऊन तिथल्या वसतिगृहात शिकायला राहिली. शिकता शिकता विषाणूंची डॉक्टर झाली. लग्न केलं नाही. त्याचं कारण गावातल्या बायनाबाईंनी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "लग्नाची प्रत्येक जागा मले पाह्याले आली, अन् मीच तिले प्रश्न इचारत बसली." यावर माझा पूर्ण विश्वास आहे. या बाईनं आमच्या गावातल्या बगळ्यांची गणती केली होती. डुकरांना संध्याकाळी कुठे बांधता, धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, पाणी किती दिवस राहतं, शाळेतली पोरं अंगणात कधी खेळतात, हे सगळं वहीत. मी चहात साखर किती घालतो तेही त्यांनी लिहून घेतलं असावं.

प्रश्नांमागे कारण होतं. धान निसवायच्या दिवसांत कोसमटोल्यात पोरांना ताप येई. दोन दिवसांत झटके, मग शुद्ध जाई. त्या वर्षी पंधरा पोरं आजारी पडली, चार गेली. वरच्या कचेरीचं म्हणणं, हा डोक्यात गेलेला हिवताप. म्हणून दरसाल माणसं येत, घराच्या भिंतींवर औषध फवारत आणि आमचं कोंबडं खाऊन जात. बाईंना वाटे, हा डुकरांत आणि बगळ्यांत वाढणारा, बांधीतल्या डासांनी आणलेला विषाणू आहे. तसं सिद्ध झालं तर पोरांसाठी लस मागता येणार होती. मार्च संपायच्या आत अहवाल गेला नाही, तर पुढल्या हंगामातही भिंतीच फवारल्या जाणार.

सिद्ध करायला हव्या होत्या जोड्या. तापात असताना पोराचं एकदा रक्त घ्यायचं, तीन आठवड्यांनी त्याच पोराचं पुन्हा घ्यायचं. दुसऱ्या वेळी रक्तातल्या प्रतिपिंडांचा आकडा चौपट झाला, की विषाणू सापडला. अकरा पोरांचं पहिलं रक्त बाईंनी स्वतः घेतलं. दुसऱ्या वेळी त्या गडचिरोलीकडे डुकरांमागे गेल्या होत्या, म्हणून त्यांचा मदतनीस इसरू एकटाच आला. बर्फाची पेटी, सुया आणि चिकटवायच्या चिठ्ठ्या घेऊन.

जानेवारीत नागपूरहून निकाल आला. अकराच्या अकरा पोरांचा दुसरा आकडा ऐंशी, पहिल्याच्या चौपट किंवा जास्त. बाईंचे साहेब खूश. "निमगडे, इतका एकसारखा निकाल मी आयुष्यात पाहिला नाही! पाठवून द्या."

बाई बस धरून थेट आमच्या शाळेत आल्या. "गुरुजी, तुमच्या वर्गात अकरा पोरांले सारखेच ऐंशी मार्क पडले, तर तुम्ही काय समजता?"

"दहा जणांनी एकाचं पाहून लिहिलं."

"मंग चाला. तो एक कोन हाय ते पाहू."

शोधायला फार वेळ लागला नाही. त्या अकरांतल्या सीताच्या आजीच्या, रुखमाबाईंच्या अंगणात इसरूनं मान खाली घालून सगळं सांगितलं. तीस वर्षं सुया टोचत आलेला माणूस. पण तापातून उठलेली, काडीसारख्या हाताची पोरं पाहून त्याचा हात उठेना. वर रुखमाबाई दारात आडव्या झालेल्या. "पोरीच्या अंगात रक्त उरलं हाय का? घ्याचंच असन तं धडधाकट मानसाचं घ्या." गावानं बैठक घेतली आणि माणूस निवडला, पोचू पहेलवान. त्यानं अकरा पोरांच्या नावानं अकरा वेळा दंड पुढे केला. दर खेपेला गावाकडून एक अंडं.

"कमी पडलं का, बाई?" पोचूनं काळजीनं विचारलं. "आनखी देतो नं."

मला वाटलं, आता बाई इसरूला म्हशीसारखं पिऊन टाकतील. पण त्यांचे डोळे लकाकले.

"पोचूभाऊ, तुमचाच आकडा ऐंशी? तुमाले असा ताप कधी आला होता?"

"मले? मले तं पडसंबी होत नाई."

"म्हंजे हा विषाणू इथी कितीक वर्षांपासून फिरून राह्यला!" असं म्हणत बाईंनी तिथेच वही काढली. अर्धा तास पोचूला प्रश्न. पहेलवान घामाघूम.

मग त्या रुखमाबाईंसमोर बसल्या.

"आजी, वाघ निंगून गेला तरी चिखलात त्याचा माग राह्यते नं?"

"राह्यते."

"सीताच्या रक्तात त्या तापाचा माग हाय. पोचूभाऊच्या रक्तात दिसते तो कितीक वर्षांआधीच्या वाघाचा. मले यंदाचा दाखवाचा हाय, नाई तं सरकार म्हनन, वाघ आलाच नाई."

रुखमाबाईंनी तांदळाचं सूप बाजूला सारलं. मग गावकऱ्यांकडे वळून कडाडल्या, "मंग तुमी त्याइले भलत्याच वाघाच्या मागं काऊन धाडलं बे?" जणू बैठकीत त्या नव्हत्याच! सीताला त्यांनी स्वतः मांडीवर घेतलं.

"ताप कोनता हाय मनता तुमी?" लटारूभाऊंनी विचारलं.

"जपानी मेंदूज्वर."

"जपान! तिथून कोसमटोल्यात याले त्याले चंद्रपुरात बस बदलावी लागली असन, बाई. आमाले तं सीट भेटत नाई!"

या वेळी बाई हसल्या. सुई मात्र हलली नाही.

अकरापैकी नऊ जणांनी रक्त दिलं. दोन पोरं आईबरोबर कोळसा खाणीकडे कामाला गेली होती, ती सापडली नाहीत. नऊपैकी आठ जोड्यांत आकडा चौपटीवर गेला, पण आठांचे आकडे वेगवेगळे. साहेबांना ते पसंत पडलं नाही, एकसारखेपणा गेला म्हणाले. तरी अहवाल मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गेला आणि मान्य झाला. कोसमटोल्याच्या तापाला कागदावर नाव मिळालं.

लस १९८८ सालच्या जुलैत आली. तिचे दर पोराला तीन डोस द्यायचे होते. दोन आले.