वन्संनी रंगवलेलं घर

कुठलीही जुनी वस्तू घरात आली की वन्सं आधी तिचा वास घ्यायच्या. खुर्ची असो, तिपाई असो, तसबिरीची नुसती चौकट असो, नाक अगदी जवळ न्यायचं, डोळे मिटायचे आणि मग म्हणायचं, "माणसांत वावरलेली आहे," किंवा "बरेच दिवस अडगळीत होती." त्यानंतर पदर खोचून त्या अंगणात बसायच्या, त्या ऊन उतरेपर्यंत उठायच्या नाहीत. वन्सं म्हणजे माझ्या थोरल्या नणंद. चोविसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून भावाच्या आश्रयाला. मी लग्न होऊन हैदराबादेत गौळीगुड्यातल्या घरी आले तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती आणि चालण्यात साठीचा संथपणा होता.

माझ्या लग्नाला वर्ष झालं नाही तोच रझाकारांच्या धास्तीनं आम्ही घर सोडलं आणि सोलापूरला नातलगांकडे जाऊन राहिलो. बरोबर दोन ट्रंका आणि एक वळकटी. पोलीस ॲक्शन झाल्यावर परत आलो तर दाराला कुलूप नव्हतं आणि आत काहीही नव्हतं. चूल तेवढी शिल्लक होती, ती उचलता येत नव्हती म्हणून. माझ्या माहेरची भांडी गेली, यांची पुस्तकं गेली. वन्संची शिसवी पेटी गेली. ती त्यांच्या नवऱ्यानं त्यांच्यासाठी करून घेतली होती आणि चार वर्षांच्या संसारातली तेवढी एकच वस्तू त्यांच्यापाशी उरलेली होती. मी रडायला लागले. वन्संनी रिकाम्या घरावरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "बरं झालं, झाडायला सोपं." मला त्यांचा राग आला होता. मग त्या भिंतीला टेकून खाली बसल्या आणि दिवस मावळेपर्यंत तिथून हलल्या नाहीत, तेव्हा राग गेला.

त्या दिवसांत जुन्या सामानाच्या जुमेरात बाजारात अख्खी घरंच्या घरं येऊन पडत. कुणी कराचीला निघालेलं, कुणाची नोकरी सुटलेली, कुणा नवाबाची देवडी, म्हणजे वाडा, बंद झालेली. हे तिथून एकेक वस्तू आणत. एकदा एक खुर्ची आणली, मला तिच्यात बसवेना. कोण बसत असेल हिच्यावर, आता कुठे असेल, असं मनात यायचं. वन्संना हे बोलून दाखवलं तर म्हणाल्या, "लाकडाला आपलं-परकं कळत नाही गं. आपल्याला कळतं. म्हणून कष्ट आपण करायचे."

आणि कष्ट त्या खरंच करायच्या. सोड्याच्या पाण्यानं वस्तू धुवायची, सावलीत वाळवायची, काचकागदानं घासायची. भेगांत लांबी, म्हणजे खडू-तेलाचा लगदा, भरायची. मग सफेदा आणि जवसाचं तेल कालवून अस्तराचा हात द्यायचा, तो वाळला की दुसरा, आणि त्यानंतर रंग. मी रंगाची घाई करायचे. त्या म्हणायच्या, "रंग काय, कुणीही देतं. अस्तराला माणूस लागतं." शेवटी कडेनं एकच बारीक वेलबुट्टी. दोन कधी काढल्या नाहीत. "दोन काढल्या की वस्तू मिरवायला लागते," असं त्यांचं म्हणणं.

वेलबुट्टीचे साचे त्या जाड पुठ्ठ्यातून कापत, आणि पुठ्ठे यायचे यांच्या कचेरीतून. हे महसुलात होते. पंधरा वर्षं घासून कमावलेलं यांचं उर्दू आता कुणाला नको होतं; इंग्रजीत मसुदे करा, असा हुकूम निघाला होता. संध्याकाळी हे इंग्रजी व्याकरण घेऊन शाळकरी मुलासारखे बसत, आणि समोर वन्सं रद्दीत निघालेल्या उर्दू दफ्तरांच्या पुठ्ठ्यांवर कात्री चालवत. एकदा हे म्हणाले, "अक्का, त्या पुठ्ठ्यावर माझं अक्षर आहे."

"दिसलं. पुठ्ठा मजबूत आहे," वन्सं म्हणाल्या. थोड्या वेळानं यांच्याकडे न बघता त्यांनी अक्षरांचा तेवढा तुकडा कापून बाजूला काढला आणि व्याकरणाच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवून दिला.

"दमले" हा त्यांच्या तोंडी दिवसातून दहादा येणारा शब्द. तक्रार म्हणून नाही. दुसरा कुणी "राम राम" म्हणतो, तसा. "दमले, पण एक हात राहिलाय," म्हणायच्या आणि पुन्हा कुंचला उचलायच्या.

दोनेक वर्षांनी शेजारच्या बाईंनी सांगितलं की चादरघाटाच्या पुलापलीकडे एका घरी तुमच्यासारखी पेटी पाहिली, पितळी कोपऱ्यांची. वन्संनी हातातलं काम तिथेच ठेवलं. आम्ही दोघी चालत गेलो. एका खोलीचं घर. राबियाबी नावाची तिशीतली बाई, बिदरकडच्या खेड्यातली. पोलीस ॲक्शननंतर तिच्या गावात मुसलमानांवर जे गुदरलं त्यात नवरा आणि दीर गेले होते; तीन मुलं घेऊन ती शहरात आली होती. पेटी भिंतीशी होती. तिला हिरवा रंग दिला होता आणि वर पांढरी फुलं काढली होती, वेडीवाकडी, पण मन लावून.

"बाजार से लाई, आपा," ती म्हणाली. "बच्चों के कपड़े रखने कू. घर में कुछ बी नइं था."

वन्सं खाली बसल्या. पेटीच्या बिजागऱ्यांपैकी एक पितळी होती, एक लोखंडी. लोखंडीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ये मेरे मरद ने बिठाए थे. अपने हाथ से."

राबियाबी पुढे झाली. तिनं झाकण उघडलं आणि आतले कपडे काढून जमिनीवर ठेवायला लागली. पाच-सहाच होते. "ले जाओ, आपा. आप की चीज है."

वन्संनी त्या कपड्यांकडे पाहिलं. मग नखानं पेटीचा कोपरा खरवडला. हिरवा पोपडा सुटून आला. "अस्तर नइं दिए तुम," त्या म्हणाल्या. "बारिश में सब निकल जाता. मैं आती परसों."

आणि गेल्या. सफेदा, तेल, काचकागद घेऊन. मीही बरोबर होते. त्या आणि राबियाबी दोघींनी उंबऱ्यात बसून सगळा रंग खरवडला, दोनदा अस्तर दिलं. खालचं शिसवी लाकूड क्षणभर उघडं पडलं तेव्हा वन्संनी त्यावरून तळवा फिरवला, एवढंच. मी म्हटलं, निदान लाकूड तसंच उघडं ठेवा. तर म्हणाल्या, "तिनं हिरवा निवडलाय. पेटी तिची आहे."

परत येताना पुलावर त्या कठड्याला टेकल्या. "थांब गं जरा. दमले." बराच वेळ खाली मुसीच्या आटलेल्या पात्राकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "ती तर पेटी देत होती."

"देत होती," त्या म्हणाल्या. "म्हणून तर नाही घेतली."

पुढे भाषावार प्रांत झाले, हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले आणि यांची नेमणूक औरंगाबादला झाली. सामान बांधताना वन्संनी सांगितलं की त्या येणार नाहीत. यांनी खूप विनवलं. "एक घर गेलं, एक उभं केलं," त्या म्हणाल्या. "तिसऱ्याला हात नाहीत रे माझ्यापाशी." काचीगुड्यात चुलतभावाकडे राहिल्या. स्टेशन तिथून हाकेच्या अंतरावर, पण आम्हाला पोचवायला आल्या नाहीत. आदल्या दिवशी माझ्या दंडाला हात लावून नुसतं म्हणाल्या, "जा. सांभाळून."

औरंगाबादला आम्हाला एक जुना पलंग मिळाला. मी वन्संना पत्र लिहून विचारलं, कुठला रंग देऊ. आठ दिवसांनी कार्ड आलं. अक्षर उतरत उतरत गेलेलं. "पलंग आधी नुसता पुसून घे. चार दिवस तसाच असू दे. मग तुझ्या मनात येईल तो रंग दे, मला विचारू नकोस. मला आता उन्हात बसवत नाही."

मी पलंग पुसला. रंगाचा डबाही आणला. चौथ्या दिवशी चुलतदिरांचं पत्र आलं, की अक्का झोपेतच गेल्या. पत्र हातात घेऊन हे पलंगाच्या कडेवर बसले, मी शेजारी बसले.

डबा मी फळीवर ठेवून दिला. तो कधी उघडला नाही. आलेगेले विचारायचे, इतक्या चांगल्या पलंगाला रंग का नाही दिला. मी सांगायचे, राहून गेलं.