गुरगुर शोधणारी बाई

आमच्या कुत्र्याला पुन्हा गुरगुरायला शिकवणाऱ्या बाईबद्दल आज लिहून ठेवते. कुत्र्याला गुरगुरायला शिकवलं, हे वाक्य माझ्याच हाताने लिहिलं तरी मला अजून खरं वाटत नाही.

कुत्र्याचं नाव भोपळ्या. पिल्लू होता तेव्हा गोल गरगरीत होता, म्हणून. आता पाच वर्षांचा आहे. दीड महिन्यापूर्वी, एका मंगळवारी सकाळी, तो स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात वाडग्यात तोंड घालून खात होता. हे कामाला निघाले होते. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं यांचं काम, त्यामुळे रुमाल लागतोच. तो नेमका वाडग्याशेजारी पडलेला. उचलायला वाकले आणि माझी पापणी लवायच्या आत यांच्या उजव्या हातातून रक्ताची धार लागली. ना भुंकला, ना दात दाखवले. मी किसणी हातात धरून तशीच उभी. ओरडायचं सुचलं ते हे ओरडल्यावर.

सात टाके पडले. जनावरांच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “न सांगता चावणारं जनावर घरात ठेवणं बरं नाही. एक इंजेक्शन, त्याला काही कळणारही नाही.”

“म्हणजे मारायचं?” मी विचारलं. त्यांनी समोरच्या कागदावर एक फोन नंबर लिहिला. “या बाईंना दाखवा. दीड महिना देतो. काही फरक पडला नाही तर सहाव्या आठवड्याच्या शुक्रवारी अकरा वाजता घेऊन या.”

बाई दोन दिवसांनी आली. पन्नाशीची, बारकी, पायात पुरुषी बूट, अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट. मला वाटलं होतं, आल्या आल्या कुत्र्याला दरडावेल. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जमिनीवर मांडी घालून भिंतीकडे तोंड करून बसली.

हे माझ्या कानात म्हणाले, “ही कुत्र्याला बघायला आलीय की भिंतीला?”

बाईचे कान तिखट. “भिंतीला, दादा. तो मला बघतोय ना, त्याचं आधी होऊ दे.”

पाऊण तासाने तिने पहिला प्रश्न विचारला. “हा शेवटचा गुरगुरला कधी?”

“छे!” हे कॉलर ताठ करून म्हणाले. “आमचा कुत्रा गुरगुरत नाही. ती सवय मोडली आम्ही.”

मी वही आणली. मी रोज लिहिते, तेव्हा तारीख सापडायला वेळ लागला नाही. गेल्या वर्षीच्या पानावर माझंच अक्षर होतं: ‘भोपळ्या आठ दिवसांत एकदाही गुरगुरला नाही. घर कसं निवांत झालं. देवा, तुझी कृपा.’ मी मोठ्या भक्तीने वाचून दाखवलं. बाईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

“मोडली कशी?”

यांनी करून दाखवलं. गळ्यातली आवळणारी साखळी वर खेचल्यासारखा डावा हात झटकला, दुसऱ्या हाताचं बोट उभारलं आणि म्हणाले, “गप्पगार!” भोपळ्या कोपऱ्यात होता, त्याच्या गळ्यात साखळी नव्हतीच. तरी तो जमिनीला चिकटला आणि ओठ चाटायला लागला.

“हा शब्द तुम्हाला कुणी दिला?” बाईने विचारलं.

“शेजारच्या रंगाऱ्याने. त्याने त्याचा कुत्रा एका शाळेत ठेवला होता आठ दिवस. तिथली युक्ती आहे ही.”

“ती शाळा माझी होती,” बाई म्हणाली.

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. बाईने मग सगळं सांगितलं, खाली मान घालून. बारा वर्षं शाळा चालवली. दारावर पाटी होती, ‘आठ दिवसांत गप्प’. लोक लांबून यायचे. चावरा कुत्रा आणायचे आणि पुतळा घेऊन जायचे. ‘गप्पगार’ हा शब्द तिनेच बसवला होता. मग एका म्हाताऱ्या शिंप्याचा कुत्रा घरी गेला. थंडी होती म्हणून शिंप्याची बायको त्याच्या अंगावर पांघरूण घालायला वाकली. गाल फाटला बिचारीचा. कुत्र्याला त्याच दिवशी इंजेक्शन दिलं, तेव्हा बाईनेच त्याला मांडीवर धरलं होतं.

“सुई टोचतानासुद्धा त्याने आवाज केला नाही, ताई. इतकं पक्कं शिकवलं होतं मी.”

माझ्या अंगावर काटा आला. आता लिहितानाही येतोय.

“गुरगुरणं म्हणजे माज नाही,” ती म्हणाली. “मला भीती वाटतेय, जरा लांब राहा, एवढंच तो सांगतो. आपण त्याचं सांगणं बंद केलं. भीती होती तिथेच आहे. मी शाळेला कुलूप लावलं. तेव्हापासून माझ्या शाळेतले कुत्रे शोधत फिरते. पण तो शब्द असा कानोकानी पसरला असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.”

यांचा पारा चढला. बँडेजचा हात पुढे धरून म्हणाले, “म्हणजे हे तुमचं काम! उठा. चालायला लागा.”

बाई उठली. बूट घालायला लागली. कोपऱ्यातून भोपळ्या बघत होता आणि मला तो शुक्रवार दिसायला लागला. यांच्यापुढे मी सहसा आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला.

“अहो, त्यांना घालवून कुत्रा वाचणार आहे का? काय बिघडलंय ते त्यांनाच ठाऊक आहे. आणि दोष त्यांचा एकटीचा कुठे? हात तुमचा, साखळी आपली. मी तर देवाचे आभार मानले!”

हे दारातून बाजूला झाले. बाई त्याच दुपारी रंगाऱ्याकडेही जाऊन आली. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे काम सुरू झालं.

साखळी केराच्या डब्यात गेली. तो शब्द घरात उच्चारायचा नाही असं ठरलं. चुकून माझ्या तोंडून गेला तर मीच जीभ चावायची. जाळीचं मुसकं आणलं, पण बांधलं नाही. आत चीज फासायचं आणि त्याने आपणहून नाक घालायची वाट बघायची. “मुसक्या आवळायच्या नाहीत, त्याला मुसक्यात बोलवायचं,” बाई म्हणायची. वाडग्यापासून आठ पावलांवर तिने खडूने रेघ ओढली. भोपळ्या खात असताना रेघेवरून जायचं, चीजचा तुकडा टाकायचा आणि न थांबता निघून जायचं. अंग ताठ झालं, डोळ्याचा पांढरा भाग दिसला, उगाच जांभई दिली, तर रेघ एक पाऊल मागे. माझ्या वहीत ‘आज जांभया चार’ असल्या नोंदी सुरू झाल्या.

हे पहिले आठ दिवस फुगून होते. मग तेही तुकडे टाकायला लागले, डाव्या हाताने. “माझं घरात कोण ऐकतं? आता कुत्र्याचंही आम्हीच ऐकायचं!” असं म्हणत.

रेघ आठ पावलांवरून तीनवर आली. पण आवाज काही येईना. पाचवा आठवडा संपला आणि बाईसुद्धा गप्प गप्प राहायला लागली. मी प्रार्थनेला बसले की शब्द अडायचे. देवाकडे गुरगुर कशी मागायची? शेवटी मागितली. सरळ शब्दांत मागितली.

बुधवारी सकाळी भोपळ्या, एव्हाना आपणहून घालून घेत असलेलं मुसकं घालून, वाडग्याजवळच्या आपल्या गोधडीवर पडला होता. हे नेहमीप्रमाणे तुकडा टाकायला निघाले आणि पाय घसरून रेघेच्या आत गेले. मी डोळे मिटले.

आणि ऐकू आलं. आधी वाटलं, पाण्याच्या नळीत हवा अडकली. खरखरीत, तुटक, गंज चढल्यासारखा आवाज. डोळे उघडले तर भोपळ्या जागचा हलला नव्हता. ओठ किंचित उचलला होता आणि यांच्याकडे बघत गुरगुरत होता.

“कुणी बोलू नका,” बाई पुटपुटली. “दादा, एक पाऊल मागे. बस, एकच.”

हे मागे सरले. आवाज थांबला. भोपळ्याने आमच्या तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. मला तर वाटलं, आमच्याहून मोठा धक्का त्यालाच बसला होता: आपण सांगितलं आणि माणसाने ऐकलं! त्याने मान गोधडीवर टाकली आणि एक लांब सुस्कारा सोडला. बाई ओट्याला टेकून उभी होती. तिने तोंडावर हात दाबून धरला होता आणि तिचे खांदे हलत होते.

गुरुवारी पुन्हा गुरगुरला, दोनदा. दोन्ही वेळा हे मागे सरले.

शुक्रवारी साडेदहाला यांनी स्वतः डॉक्टरांना फोन लावला. समोरचं बोलणं मलाही ऐकू येत होतं.

“म्हणजे तो आता तुमच्यावर गुरगुरतो?”

“हो.”

“आणि म्हणून तुम्ही येत नाही?”

“म्हणूनच येत नाही,” हे म्हणाले.

बाई शेजारीच होती. फोन ठेवल्यावर मी तिचे हात धरले तर तिने सोडवून घेतले. “एवढ्यात आनंद नको, ताई. बाहेर नेताना मुसकं कायम. पाहुणे आले की तो दुसऱ्या खोलीत. पुन्हा चावणार नाही, असं मी लिहून देणार नाही. पण चावायचं झालं तर आता आधी सांगेल.”

हे आपल्या हातावरच्या सात खुणा बघत होते. “सांगू दे,” म्हणाले. “मी आहे ऐकायला.”