अज्ञात वाहन

ती घटना मनातून काढून टाकायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, जमलं नाही. लोक मला खून-दरोड्यांचं विचारतात. मला आठवतो तो अपघाताचे दावे चालवणारा एक वकील. नावं सांगणार नाही. त्यातल्या काहींना अजून याच भागात राहायचं आहे.

तेव्हा मी नाशिकजवळ, ओझरच्या बाजूला हायवेवरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका संध्याकाळी कारखान्यातून सायकलवर घरी निघालेल्या वेल्डरला गाडीने उडवलं, तो जागीच गेला आणि गाडी पळून गेली. पंचनामा झाला, 'अज्ञात वाहन' असा गुन्हा दाखल झाला. तीन आठवड्यांनी एक शेतकरी आपणहून आला आणि 'मी पाहिलं' म्हणत टेम्पोचा नंबर सांगून गेला. दुसऱ्याच दिवशी टेम्पोचालक हजर. जबाब, जामीन, दोषारोपपत्र, सगळं सुतासारखं सरळ. सही माझीच. खरं सांगायचं तर मी खूश होतो. उघडकीस न आलेला एक गुन्हा यादीतून कमी झाला होता.

मयताच्या बायकोने भरपाईचा दावा लावला. काही महिन्यांनी विमा कंपनीचा तपासनीस माझ्यासमोर येऊन बसला. म्हणाला, "साहेब, हा चालक एकदाही 'माझी चूक नव्हती' म्हणाला नाही. असा ड्रायव्हर मी अजून पाहिला नाही."

मीही पाहिला नव्हता. चूक असो वा नसो, ड्रायव्हर भांडतोच. न भांडणारा एक तर साधू असतो, नाही तर पढवलेला. मी साक्षीदाराला पुन्हा बोलावलं.

गडी पक्का होता. उलटसुलट विचारलं तरी उत्तर तेच, शब्दही तेच. शेवटी आमच्या नांदगावकडच्या, घरी कांदा पिकवणाऱ्या हवालदारांनी सहज विचारलं, "त्या दिवशी इकडं कसं काय येणं झालं भाऊ?"

"कांदा इकाया गेल्तो ना मार्केटला. लिलाव आटपून घरी निघालो व्हतो."

हवालदार उठले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मागे उलटू लागले. "त्या दिवशी अमावस्या व्हती. अमावस्येला कांद्याचा लिलाव कोन करतं?"

आमच्याकडे अमावस्येला लिलाव बंद, हे तेव्हा शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शहरात बसून कुणीतरी कारण लिहून दिलं आणि याने तिथी न बघता ते पाठ केलं. आणि मी, शेतकऱ्याचाच मुलगा, त्याखाली सही केली. स्वतःचीच लाज वाटली मला.

साक्षीदाराचा चेहरा उतरला. "वकीलसाहेबांनी सांगितलं म्हनून आलो. माझ्या भावाचा पाय गेला तवा त्यांनीच केस लढली, फी नाय घेतली. टेम्पोवाल्याचंबी तसंच हाय. त्यांना नाय कसं म्हनू?"

वकिलांचं ऑफिस नाशिकात सीबीएस बसस्थानकाजवळ एका जिन्याखाली होतं. टेबलावर खेळण्यातला ट्रक आणि मोटारसायकल, धडक कशी झाली ते कोर्टाला दाखवायला. तीस-एक वर्षं त्यांनी हेच केलं होतं. विमा कंपन्यांचे वकील त्यांना टरकून असत. मी सगळं सांगितलं, त्यांनी काहीच नाकारलं नाही.

"बाईला यातलं काही माहीत नाही, एवढं नोंदवून घ्या."

"का केलंत? सनद जाईल तुमची."

"तुम्ही 'अज्ञात वाहन' लिहिलंत की विमा कुणाकडे मागायचा? तिचा दावा तिथेच मेला. पदरात दोन मुली आहेत तिच्या. तुम्ही गाडी शोधणार नव्हता, म्हणून मी दिली."

मी त्यांना ठाण्यात यायला सांगितलं.

बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलावलं, तेव्हा वकीलही समोरच बसले होते. ती रडली नाही. "म्हंजे त्यो टेम्पो नव्हताच?"

"नव्हता, ताई."

"आठ म्हयने मी त्या मानसाला शिव्या घालत व्हते. मंग खऱ्याला कुनी शोधलंच नाय?"

प्रश्न वकिलांना होता, तसाच मलाही. ती वकिलांकडे न बघता निघून गेली.

अटकेच्या कागदात एक रकाना असतो, खबर कोणाला दिली त्याचा. तो रिकामा सोडता येत नाही. मी वकिलांना विचारलं, "कुणाला कळवू?" पत्नी वारलेली, मूलबाळ नाही. मी म्हणालो, "एवढे पक्षकार आहेत तुमचे."

ते हसले. "केस जिंकली की ते मला ओळख दाखवत नाहीत. मी दिसलो की त्यांना तो दिवस आठवतो. इतक्या वर्षांत एका लग्नाची पत्रिका आली नाही साहेब. बरोबरच आहे त्यांचं." मग हळूच म्हणाले, "तुमचं नाव चालेल?"

नियमात बसत नव्हतं. त्यांच्या ऑफिसशेजारच्या झेरॉक्सवाल्याचं नाव लिहिलं. ज्याच्यासाठी लोक खोटी साक्ष द्यायला तयार होते, त्याच्या अटकेची खबर घ्यायला एक माणूस नव्हता. पोलिसाचंही फार वेगळं नसतं, हे मला निवृत्तीनंतर कळलं. माझ्याही दारात कामाशिवाय कुणी येत नाही.

वकिलांची सनद गेली, बाईचा दावाही गेला. मी तपास पुन्हा उघडला. टोलनाक्यावरचं चित्रीकरण केव्हाच पुसलं गेलं होतं, गॅरेजवाल्यांना काही आठवत नव्हतं. पहिल्या आठवड्यात शोधली असती तर गाडी कदाचित सापडली असती. दयेपोटी दिलेलं खोटं उत्तरही शोध थांबवतं, आणि सोयीचं उत्तर मिळालं की पोलीस ते तपासत नाहीत, हे मी त्या केसमधून शिकलो. शिकून उपयोग काय झाला, ते विचारू नका.

त्या बाईने माझा नंबर जपून ठेवला आहे. वर्षातून एकदा फोन करते. गेल्या आठवड्यात आला होता.

"साहेब, सापडली का वो गाडी?"

"नाही, ताई."

"बरं," म्हणाली, आणि ठेवला. त्या आठवड्यात मला आलेला तो एकच फोन.